रूप उचला, आकडे जागेवर ठेवा

“सर, लातूरचं शीट एकदम देखणं झालंय. औशाचंही तसंच करायचंय. पण कॉपी मारली की लातूरचा पाऊस औशात पडतो. काय करावं?”

हा प्रश्न तहसीलमधल्या डेटा एंट्री ऑपरेटरला पडतो, मोंढ्यातल्या मुनिमाला पडतो आणि वर्गवार गुण भरणाऱ्या शिक्षकालाही पडतो. एमएस-सीआयटी केलेल्या प्रत्येकाला कॉपी-पेस्ट येतं. अडतं ते पुढे. सेलमधलं नेमकं काय उचलायचं आणि काय सोडायचं, हे एक्सेलला सांगायला हवं हेच बहुतेकांच्या लक्षात आलेलं नसतं.

या प्रकरणासाठी एकच वही घेऊ. लातूर जिल्ह्यात १० तालुके आहेत: लातूर, औसा, रेणापूर, निलंगा, शिरूर अनंतपाळ, देवणी, उदगीर, जळकोट, अहमदपूर आणि चाकूर. प्रत्येक तालुक्याला एक शीट. १ जून ते ३० सप्टेंबर म्हणजे १२२ दिवस, म्हणून १२२ ओळी. रकाने चार: तारीख, त्या दिवशीचा पाऊस मिलिमीटरमध्ये, हंगामाची बेरीज आणि शेरा. ‘लातूर’ नावाच्या शीटवर वरची ओळ गडद हिरवी, अक्षरं पांढरी, रेषा आखलेल्या, पाऊस एका दशांश स्थळापर्यंत. बाकीच्या ९ शीटांवर आकडे भरलेत, पण ती उघडीबोडकी आहेत.

१. सेलमध्ये आत एक, वर एक

शीटवरच्या एका चौकटीला सेल म्हणतात. तिच्यात एक आतली गोष्ट असते: आकडा, मजकूर किंवा सूत्र. आणि एक वरची: तो आकडा कसा दाखवायचा याच्या सूचना. या सूचनांनाच फॉरमॅट म्हणायचं. मोंढ्यात पोत्यावर रंगाने मार्का मारतात, तसं हे आहे. मार्का बदलला म्हणून आतल्या सोयाबीनची तूर होत नाही.

पटत नसेल तर एक प्रयोग करा. मोकळ्या सेलमध्ये १७७९३ लिहा, एंटर दाबा आणि त्या सेलचा फॉरमॅट ‘डेट’ करा. समोर १७ सप्टेंबर १९४८ ही तारीख येईल, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची. आता ३०१७९ लिहून बघा. १६ ऑगस्ट १९८२ येईल, लातूर जिल्हा झाला तो दिवस. एक्सेल तारखा साठवतच नाही. १ जानेवारी १९०० ला १ धरून दिवस मोजत जातं आणि तो नुसता आकडा सेलमध्ये ठेवतं. ‘१७ सप्टेंबर’ हे वरचं रूप. (कागदावर दिवस मोजून ताळा घ्याल तर एकाचा फरक येईल. एक्सेल २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवसही मोजतं. लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅममधली ही चूक एक्सेलने जुळवून घेण्यासाठी मुद्दाम ठेवली.)

म्हणून कुणी सांगितलं की “तारखेच्या रकान्यात अचानक ४५ हजारांच्या पुढचे आकडे आलेत, सगळं बिघडलं,” तर घाबरायचं नाही. आतला माल शाबूत आहे, कुणीतरी मार्का पुसलाय.

फॉरमॅटमध्ये काय काय येतं? सेलवर उजवी कळ दाबून ‘फॉरमॅट सेल्स’ उघडा. सहा पानं दिसतील: आकड्याचं रूप, मजकुराची जागा, फॉन्ट, रेषा, पार्श्वरंग आणि संरक्षण. शेवटचं पान लोक बघतच नाहीत. सेल कुलूपबंद आहे की नाही ही नोंदही फॉरमॅटच आहे, आणि रूप उचललं की तीही बरोबर येते. लातूरच्या शीटवर पावसाचा रकाना तुम्ही भरण्यासाठी मोकळा ठेवला असेल, तर औशातही तो मोकळा होईल. उलटंही होईल.

२. ब्रश

आता औसा. ‘लातूर’ शीटवर मथळ्यापासून शेवटच्या ओळीपर्यंतचा सगळा तक्ता निवडा. ‘होम’च्या पट्टीवर डावीकडे छोटा ब्रश आहे, त्याचं नाव फॉरमॅट पेंटर. त्यावर एकदा क्लिक करा, खाली ‘औसा’ टॅबवर जा आणि तिथल्या तक्त्याच्या डाव्या-वरच्या पहिल्या सेलवर क्लिक करा. एकाच सेलवर क्लिक केलं तरी जेवढा तक्ता उचलला होता तेवढ्या सगळ्या जागेवर रूप चढतं. औशाचा पाऊस जिथल्या तिथे राहतो.

एका क्लिकने ब्रश एकदाच चालतो. नऊ शीटं रंगवायची तर ब्रशवर डबल क्लिक करा. मग रेणापूर, निलंगा, देवणी असं टॅबमागून टॅब फिरा, प्रत्येक ठिकाणी एकच क्लिक. काम संपलं की एस्केप दाबा. ते विसरलात तर पुढे जिथे सहज क्लिक कराल तिथे हिरवा मथळा उमटेल.

ब्रशची एक खोड लक्षात ठेवायला हवी. तो फक्त रंग उचलत नाही, कोरेपणाही उचलतो. उचललेल्या तक्त्यात एखादा सेल साधा असेल, तर समोरच्या शीटवर त्या जागी जे काही सजवलं असेल ते पुसून तोही साधा होतो. उदगीरच्या शीटवर कुणी मेहनतीने दोन ओळी ठळक केल्या असतील, तर त्या गेल्या.

३. पेस्ट स्पेशल, तेही दोनदा

ब्रश चालवला आणि औशाच्या तारखेच्या रकान्यात नुसते ##### दिसायला लागले? हीच तक्रार सगळ्यांत जास्त ऐकू येते. रकाना अरुंद आहे, तारीख मावत नाही, एवढाच त्याचा अर्थ. रकान्याची रुंदी सेलची नसते, रकान्याची असते. सेलचं रूप उचललं तर ती मागेच राहते.

यावर उपाय दुसऱ्या वाटेने. लातूरचा तक्ता निवडून कंट्रोल आणि सी. औशाच्या पहिल्या सेलवर जाऊन कंट्रोल, ऑल्ट आणि व्ही. ‘पेस्ट स्पेशल’ची चौकट उघडेल. तिच्यात ‘फॉरमॅट्स’ निवडून ओके करा. लगेच तीच चौकट पुन्हा उघडा आणि या वेळी ‘कॉलम विड्थ्स’ निवडा. पहिल्या खेपेला रूप, दुसऱ्या खेपेला रुंदी. हात बसला की चौकट उघडल्यावर नुसतं टी किंवा डब्ल्यू दाबूनही भागतं. ब्रशच वापरायचा असेल तर तक्ता न निवडता वरच्या अक्षरांवरून अख्खे रकाने निवडा आणि समोरही अख्ख्या रकान्यांवरच सोडा. मग रुंदीही येते.

तरीही काही गोष्टी येत नाहीत. पान आडवं की उभं, समास किती, वरची ओळ सरकताना गोठलेली राहावी का, हे सगळं शीटचं असतं, सेलचं नाही. शेऱ्याच्या रकान्यात यादीतूनच शब्द निवडण्याची सोय केली असेल तर तीही ‘फॉरमॅट्स’ने येत नाही, तिच्यासाठी त्याच चौकटीत ‘व्हॅलिडेशन’ वेगळं आहे.

आणि एक सापळा. लातूरच्या शीटवर मथळ्यासाठी वरच्या ओळीतले चार सेल जोडून एक केलेले असतात. हे जोडणंही फॉरमॅटच. समजा निलंग्याच्या शीटवर त्याच चार सेलांत कुणी चार वेगळे आकडे लिहून ठेवलेत. ब्रश फिरवला की चारही जोडले जातात आणि पहिलाच आकडा दिसतो. बाकीचे तीन पुसले जात नाहीत; जोडलेल्या सेलच्या मागे तसेच जिवंत राहतात आणि त्या ओळीची बेरीज घेतली तर मुकाट्याने तिच्यात शिरतात. डोळ्यांना एक आकडा, बेरीज भलतीच. माझं सांगणं एवढंच की मथळ्यासाठी सेल जोडूच नका. ‘अलाइनमेंट’च्या पानावर ‘सेंटर अक्रॉस सिलेक्शन’ आहे. मथळा तितकाच मधोमध दिसतो आणि सेल सुटे राहतात.

४. नांदेडचे सोळा

आता हीच वही नांदेडला न्यायची आहे. तिथे तालुके १६: नांदेड, अर्धापूर, मुदखेड, भोकर, उमरी, लोहा, कंधार, किनवट, हिमायतनगर, हदगाव, माहूर, देगलूर, मुखेड, धर्माबाद, बिलोली, नायगाव. आणि फाइल वेगळी.

दोन फाइलींमध्येही ब्रश आणि पेस्ट स्पेशल चालतात. मात्र दोन्ही फाइली एकाच एक्सेलमधून उघडलेल्या हव्यात. एक्सेल दोन वेळा स्वतंत्र सुरू झालं असेल तर पेस्ट स्पेशलच्या चौकटीत ओळखीचे पर्यायच दिसत नाहीत. अशा वेळी एक फाइल बंद करून दुसऱ्या फाइलच्या ‘ओपन’मधून उघडायची. रंगही बदलू शकतात. रंगांच्या तक्त्यात वर जे रंग असतात ते त्या फाइलच्या ‘थीम’चे असतात. नांदेडच्या फाइलची थीम वेगळी असेल तर लातूरचा हिरवा तिथे निळा होऊन उतरतो. रंग जसाच्या तसा हवा असेल तर तो थीममधून न घेता ‘मोअर कलर्स’मधून घ्या.

आधी ‘नांदेड’ या एकाच शीटवर रूप आणि रुंदी आणून नीट बसवा. मग त्याच शीटवर उभं राहून शिफ्ट दाबून शेवटच्या, म्हणजे ‘नायगाव’च्या टॅबवर क्लिक करा. सोळाही शीटं एकदम निवडली जातील. वरच्या पट्टीवर फाइलच्या नावाशेजारी ‘ग्रुप’ असा शब्द येतो. आता तक्ता निवडा, ‘होम’मध्ये उजवीकडे ‘फिल’ आहे, त्यात ‘अक्रॉस वर्कशीट्स’, आणि विचारलं की ‘फॉरमॅट्स’. एका दमात सोळा. ग्रुप आहे तोवर रकान्यांची रुंदी ओढून ठेवा आणि पानाची मांडणीही उरका. ती सगळीकडे लागते.

मग ताबडतोब ग्रुप सोडा. टॅबवर उजवी कळ दाबून ‘अनग्रुप शीट्स’. हे मी दोनदा सांगतो कारण इथली चूक आवाज करत नाही. ग्रुप तसाच राहिला आणि तुम्ही समोरच्या ‘नांदेड’ शीटवर ८२ मिलिमीटर लिहिलं, तर तो पाऊस सोळाही तालुक्यांत त्याच ओळीत पडतो, आधीचा आकडा पुसून. समोर नांदेडचंच शीट दिसत असतं. कळतं ते जिल्ह्याची बेरीज हाती आल्यावर.

५. ‘फॉरमॅट आलाच नाही’, पण आलेला असतो

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर. नंतर ५० वाघिणींची गाडी धावू लागली. गुणाकार करा: ५० गुणिले ५०,०००. हा आकडा एका संगणकावर २५,००,००० दिसतो आणि शेजारच्यावर २,५००,०००. फाइल तीच, फॉरमॅटही तोच. लोक पुन्हा पुन्हा ब्रश फिरवत बसतात.

स्वल्पविराम कुठे पडायचा हे नेहमीच्या फॉरमॅटमध्ये लिहिलेलं नसतं. ‘स्वल्पविराम द्या’ एवढीच सूचना सेलमध्ये असते. लाखावर द्यायचा की मिलियनवर, हे विंडोज ठरवतं. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘रीजन’ उघडून ‘इंग्लिश (इंडिया)’ निवडा. एक्सेल बंद करून परत उघडा. लाख-कोटी जागेवर येतील.

दुसरी गफलत दशांशाची. महसूल खात्याच्या हिशेबात मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. म्हणून पावसाच्या रकान्याला नियम लावलाय: ६५ पेक्षा जास्त असेल तर सेल लाल. समजा अहमदपूरला एका दिवशी ६४.८ आणि चाकूरला ६५.३ नोंदले. तुम्ही दुसऱ्याच कुठल्या शीटवरून रूप उचललंत, आणि तिथे दशांश दाखवायचे नाहीत असं ठरलेलं होतं. आता दोन्ही ठिकाणी ६५ दिसेल. चाकूरचा ६५ लाल, अहमदपूरचा ६५ पांढरा. नियम आतला आकडा बघतो, आपण वरचा. नुकसानभरपाईची चर्चा ज्या तक्त्यावर होणार आहे त्याचे दशांश झाकू नयेत.

६. नियम दुसऱ्या शीटवर गेला की

आकडा बघून आपोआप रंग बदलणाऱ्या या सोयीला कंडिशनल फॉरमॅटिंग म्हणतात, आणि रूप उचललं की हा नियमही बरोबर जातो. नियमात ६५ हा आकडाच लिहिला असेल तर कसलीच अडचण नाही. पण हुशार माणसं काय करतात, ६५ हा आकडा शीटच्या एका कोपऱ्यात, समजा एच १ मध्ये लिहितात आणि नियमाला सांगतात की एच १ पेक्षा जास्त असेल तर लाल. उद्या मर्यादा बदलली तर एकाच जागी बदलायची. विचार चांगला आहे.

हा नियम औशाच्या शीटवर नेला की तो लातूरच्या एच १ कडे बघत नाही, औशाच्या एच १ कडे बघतो. तो सेल तिथे रिकामा आहे. रिकामा म्हणजे शून्य. शून्यापेक्षा जास्त म्हणजे दोन मिलिमीटरची भुरभुरही लाल. सगळा औसा अतिवृष्टीत! म्हणून रूप नेल्यावर सगळं शीट एका रंगात न्हालं तर आधी नियम कोणत्या सेलकडे बघतोय ते ‘मॅनेज रूल्स’मध्ये तपासा. तिथेच दिसेल की पुन्हा पुन्हा चिकटवल्याने एकाच नियमाचे दहा-वीस तुकडे झालेत. ते सगळे काढून एकच नीट नियम लावणं बरं.

हाताने रंग भरून खुणा करण्याची सवय मात्र मला मान्य नाही. पैसेवारीच्या यादीत ५० पैशांच्या खालची गावं कुणीतरी पिवळी करतो, आणि पुढच्या ब्रशसरशी तो पिवळा पुसला जातो. साध्या सूत्राला रंग दिसत नाही, त्यामुळे पिवळी गावं किती हे मोजताही येत नाही. शेऱ्याच्या रकान्यात दोन शब्द लिहा. ते कुठलाही ब्रश पुसणार नाही.

७. उचलाउचल टाळायची असेल तर

सोळा शीटं तयारच झालेली नसतील तर सगळ्यांत सोपं म्हणजे एक शीट पूर्ण सजवायचं आणि कंट्रोल दाबून त्याचा टॅब बाजूला ओढायचा. अख्ख्या शीटची प्रत होते, रुंदी आणि पानाच्या मांडणीसकट. मग आकडे निवडून नुसतं डिलीट. डिलीट कळ आतला आकडा काढते, रूप ठेवते. सूत्रांचा रकाना तेवढा वगळा.

शीटं आधीच भरलेली असतील आणि साहेब दर महिन्याला मथळ्याचा रंग बदलायला सांगत असतील, तर ‘सेल स्टाइल्स’ वापरा. मथळ्याच्या रूपाला ‘तालुका मथळा’ असं नाव देऊन ठेवायचं आणि सगळ्या शीटांवर तेच नाव लावायचं. पुढे रंग बदलला की फक्त त्या नावाची व्याख्या बदला. फाइलभर बदल होतो. दुसऱ्या फाइलमध्ये ही नावं ‘मर्ज स्टाइल्स’ने आणता येतात. एवढंच की एखाद्या मथळ्याला नंतर हाताने वेगळा रंग दिला असेल तर तो आपलाच हट्ट धरून बसतो.

लिबरऑफिस वापरणाऱ्यांना हाच ब्रश ‘क्लोन फॉरमॅटिंग’ नावाने मिळेल, गूगल शीट्सवाल्यांना ‘पेंट फॉरमॅट’ नावाने.

८. मराठीचा अपवाद

मार्का बदलल्याने माल बदलत नाही, हे आकड्यांना आणि तारखांना लागू आहे. मराठी मजकुराच्या बाबतीत मात्र जुन्या फाइलींत गोष्ट वेगळी असते.

युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत, १९९१ साली, देवनागरीला जागा मिळाली होती. तरी कार्यालयांत आणि छापखान्यांत कितीतरी वर्षं श्रीलिपी, आयएसएम, शिवाजी यांसारख्या सोयी आणि फॉन्ट चालत राहिले. त्या जुन्या फॉन्टांची युक्ती अशी: सेलच्या आत साठवली जायची ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं; फॉन्ट त्यांच्या जागी मराठी आकार काढून दाखवायचा. म्हणजे ‘देगलूर’ हा शब्द आत नव्हताच. तो फॉन्टमध्ये होता, आणि फॉन्ट हा फॉरमॅट आहे. इथे मार्का पुसला की माल ओळखूच येत नाही.

अशा जुन्या शीटवर तुम्ही आजच्या शीटवरून रूप चढवलंत की क्षणात गावांची नावं जाऊन इंग्रजी अक्षरांचा चिवडा समोर येतो. लोक घाबरून तो चिवडा पुसतात आणि खरंच सगळं घालवतात. पुसू नका. आधी कंट्रोल आणि झेड दाबून मागे या. तेही शक्य नसेल तर ते सेल निवडून जुना फॉन्ट परत लावा. नावं जशीच्या तशी परत येतात, कारण आतलं काहीच बदललेलं नाही. अट एकच, तो फॉन्ट त्या संगणकावर असायला हवा.

फाइल कुठल्या जातीची आहे हे आधीच ओळखता येतं. गावाच्या नावावर क्लिक करा आणि वर सूत्राच्या पट्टीकडे बघा. पट्टीला सेलच्या फॉन्टशी देणंघेणं नसतं. सेलमध्ये मराठी आणि पट्टीतही मराठी, तर मजकूर युनिकोडमध्ये आहे. खुशाल ब्रश चालवा, इंग्रजी फॉन्ट लागला तरी विंडोज स्वतःहून देवनागरी फॉन्ट शोधून अक्षरं दाखवतं. सेलमध्ये मराठी आणि पट्टीत अगम्य इंग्रजी दिसलं, तर ब्रश खाली ठेवा. मूळ शीटची एक प्रत बाजूला काढा, मजकुराचा रकाना युनिकोडमध्ये बदलून घेणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढा, जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांखालून घाला. ‘अर्धापूर’ आणि ‘धर्माबाद’ नीट उतरले असतील तर बाकीचंही बहुधा नीट आलं असेल. रूप चढवायचं ते त्यानंतर.

तेवढा वेळ नसेल आणि तक्ता आजच पाठवायचा असेल, तर पावसाच्या आणि बेरजेच्या रकान्यांवरच पेस्ट स्पेशल करा, नावांचा रकाना सोडून द्या, आणि फाइलऐवजी पीडीएफ पाठवा. पीडीएफमध्ये फॉन्ट बरोबर जातो.